दौलतरावांचा गडी

तेजराम चकोले पोलादाच्या कारखान्यात, कोक ओव्हनला फिटर होता. प्लांटात त्याच्यासारखे फिटर पुष्कळ होते. पण मरोदा, चरोदा, दुर्ग इकडे कुठेही कबड्डीचा सामना असला आणि त्यात भांडण होण्याची शक्यता असली की लोक म्हणत, "चकोलेले बोलवा." उंची बेताची, पायात कॅन्व्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. तुमसरकडचा माणूस. घरी झाडीपट्टीची मराठी बोलायचा आणि मैदानात हिंदी.

मी तिथेच टाइम ऑफिसात हजेरीचा क्लार्क. सुट्टीच्या दिवशी सामन्यांना गुण लिहायला बसायचो, म्हणून त्याला जवळून पाहिलं. रेफ्री पुष्कळ पाहिले. कोच अंगावर आला की काही घाबरून मागे सरकत, काही त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडत. तेजराम जागचा हलत नसे. कोच ओरडत यायचा, त्याला येऊ द्यायचा. मग त्याच्यासमोर उभं न राहता त्याच्या बाजूला, खांद्याला खांदा लावून उभा राहायचा. दोघांचीही तोंडं मैदानाकडे. बघणाऱ्याला वाटावं, दोन शेतकरी बांधावर उभे राहून पीक बघताहेत. मग हळूच विचारायचा, "तुमाले काय दिसलं?" कोच सांगायचा, हातवारे करायचा, एखादी शिवीही हासडायचा. हा सगळं ऐकून घ्यायचा आणि एकच वाक्य बोलायचा, "मले असं दिसलं. आता बसा." बहुतेक वेळा माणूस बसायचा. नाहीच बसला तर ताकीद, ताकिदीनंतर समोरच्या संघाला एक गुण, आणि तरीही ऐकलं नाही तर मैदानाबाहेर. पण तिसऱ्या पायरीपर्यंत जायची पाळी तेजरामवर क्वचितच आली.

नव्या रेफ्रींना तो सांगायचा, "दूध उतू चाललं का फुकर मारू नका. खालची आच कमी करा."

दौलतराव गभणे हे मरोद्याच्या संघाचे कोच. साकोलीजवळच्या गावचे, तेजरामपेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, म्हणून तो त्यांना भाऊ म्हणायचा. जवानीत दोघं एकाच संघातून खेळले होते. दौलतराव तापट खरे. बाकावर स्वस्थ बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. गड्यानं चूक केली तर डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटायचे, पण सामना संपला की समोरच्या कोचला स्वतः चहा पाजायचे. त्यांचा मुलगा देवानंद त्यांच्याच संघात चढाईला असायचा. लांब हातापायांचा, हसरा पोरगा. बाद झाला तरी हसत बाहेर जायचा आणि त्यामुळे बापाच्या आणखी शिव्या खायचा. तेजरामनं त्याला कितीतरी वेळा बाद दिलं असेल. तो जाता जाता म्हणायचा, "काका, चष्मा लावा ना जी." आणि तेजरामला हसू आवरायचं नाही.

सत्त्याऐंशी साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी, देवानंद दुर्गहून मोटरसायकलनं परत येत होता. आईनं बैलांच्या पूजेचं सामान आणायला सांगितलं होतं. मोठ्या रस्त्यावर ट्रकखाली आला. दवाखान्यात नेलं तेव्हा जीव राहिलेला नव्हता.

मरोद्यातले सगळे क्वार्टर त्या दिवशी गभण्यांच्या दारात होते. देवानंदची आई कलावतीबाई, तिला बायकांना धरून ठेवावं लागत होतं. दौलतराव मात्र उभे. लाकडं कुठून आणायची, कोणाला तार करायची, कोण गाडी आणतो, सगळं तेच सांगत होते. डोळ्याला पाणी नाही. लोक म्हणाले, मोठा धीराचा माणूस. तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते टोपी घालून मैदानावर हजर. पोरांना पळायला लावलं. तेजराम त्यांना भेटायला तिथे गेला तर म्हणाले, "चढाई कमजोर झाली बा आमची. पोरं तयार करा लागतात." आणि पोरांकडे वळले. तेजरामनं देवानंदचं नाव काढलं नाही. काय बोलणार?

हिवाळ्यात सामने सुरू झाले आणि दौलतरावांचा राग वेगळाच झाला. आधी राग यायचा आणि जायचा. आता तो जातच नव्हता. सामना संपला तरी रेफ्रीच्या मागे सायकलस्टँडपर्यंत जायचे. एकदा खुर्ची फेकली. एकदा एका पंचाची कॉलर धरली आणि तिघांना सोडवावं लागलं. समोरच्या कोचला चहा पाजणं तर बंदच झालं. ते ज्या सामन्याला असतील तिथे रेफ्री यायला तयार होईनात.

जिल्हा संघटनेचे सचिव भय्याजी यांनी दुर्गला बैठक बोलावली. मीही होतो. भय्याजी वाईट माणूस नव्हते, पण वैतागले होते.

"देखो भई, बेटा गया, हम सबको दुख है," ते म्हणाले. "लेकिन मेरे रेफ्री मार खाएँगे क्या? एक बार और हुआ, तो हमेशा के लिए बंद."

"सेमीफायनल कोण करणार?" कोणीतरी विचारलं. मरोदा विरुद्ध चरोदा. चरोद्याची रेल्वे कॉलनीची पोरं त्या वर्षी जोरात होती, तेव्हा सामना अटीतटीचा होणार हे उघड होतं.

मग तेजराम म्हणाला, "मी करतो."

परतताना आम्ही सुपेल्याला उतरून चहा घेतला. मी म्हटलं, "कशाला अंगावर घेतलं?" तो ग्लास फिरवत राहिला. "दुसरा कोनी असला तर भाऊले बाहेर काढन," तो म्हणाला. "मग त्याईच्यापाशी काय राह्यलं? घरी तर ते जातच नाहीत म्हणते वैनी, माझ्या बायकोले. ड्युटी आन् ग्राउंड. ग्राउंड गेलं तर कुठं जाईल तो माणूस?"

सामना संक्रांतीनंतरच्या रविवारी, मरोद्याच्याच मैदानावर झाला. माणसं भिंतीवर, झाडांवर, सायकलींच्या कॅरियरवर उभी. चरोद्याहूनही दोन ट्रक भरून लोक आले होते. दौलतराव बाकाच्या टोकाशी उभे होते. तेजराम सामन्याआधी त्यांच्याजवळ जाऊन पाया पडला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण नजर मैदानावरच होती.

पहिला डाव शांत गेला म्हणायला हरकत नाही. दोनदा दौलतराव आत आले, दोनदा तेजरामनं बाजूला उभं राहून ऐकून घेतलं, दोनदा ते परत गेले. दुसऱ्यांदा ताकीद द्यावी लागली. मी मनात म्हटलं, निभावलं.

दुसऱ्या डावात मरोदा मागे पडला. एकेक करून गडी बाद झाले आणि बाजूच्या चौकटीत जाऊन बसले. कबड्डी न पाहिलेल्यांसाठी सांगतो: बाद झालेला गडी त्या चौकटीत रांगेनं बसतो. त्याच्या संघानं समोरचा एक गडी मारला की यांचा एक गडी उठून आत येतो, आणि जो आधी बाद झाला तो आधी उठतो. पुस्तकात काहीही शब्द असोत, आमच्याकडे मैदानात सरळ "मेला" आणि "उठला" असंच म्हणत.

मरोद्याच्या एका पोरानं चढाईत चरोद्याचा गडी मारला आणि धापा टाकत मध्यरेषेवर परत आला. लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. चौकटीजवळच्या पंचानं रांगेतल्या पहिल्या पोराला खूण केली. पोरगा उठून आत निघाला.

"ए! तू बस!" दौलतराव ओरडले. "तुझी पाळी नाही!"

पोरगा थबकला. दौलतराव रेषा ओलांडून आत आले. मला वाटलं, क्रमावरून तक्रार आहे. अशी तक्रार कोच नेहमीच करतात, त्यात विशेष काही नाही. तेजरामनं शिट्टी वाजवून खेळ थांबवला आणि त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. माझं टेबल तिथून चार हातांवर होतं.

"बोला भाऊ. तुमाले काय दिसलं?"

"चुकीचा गडी उठवून राहिला तू. हा मागून मेला. याच्या पहिले दुसरा आहे."

"कोन आहे?"

"देवा."

मी लिहिता लिहिता थांबलो. चौकटीतली पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"देवा पहिले मेला," दौलतराव म्हणाले. त्यांचा आवाज चढत होता, पण ते वेड्यासारखे बोलत नव्हते. हिशेब मांडणाऱ्या माणसासारखं, एकेका बोटावर बोट ठेवून बोलत होते. "पोयाच्या आदल्या दिवशी मेला. तवापासून आमी किती गडी मारले? दुर्गाशी जितलो. राजनांदगावाशी जितलो. किती पोरं उठले आमचे? सगळ्याईचे पोरं उठले. माझाच कावून नाही उठत? कोनता नियम आहे हा? सांग ना! रेफ्री आहेस ना तू? सांग!"

भिंतीवरच्या लोकांना काही ऐकू येत नव्हतं. त्यांना नेहमीचाच तमाशा वाटत होता. कोणी शिट्ट्या मारत होतं, चरोद्याकडून "बाहर करो, बाहर करो" चालू होतं. चरोद्याचे कोच जवळ आले होते. त्यांनी ऐकलं आणि ते मुकाट्यानं मागे वळून आपल्या लोकांना हातानं गप्प करू लागले.

तेजराम पहिल्यांदाच दौलतरावांच्या बाजूवरून सरकून त्यांच्यासमोर आला. त्यांचे दोन्ही हात त्यानं धरले.

"भाऊ," तो म्हणाला, "देवा नाही उठत."

"कावून?"

"तो आपल्या लायनीत नाही, भाऊ. तो गेला. आपनच त्याले नदीवर नेलं. मी होतो ना तुमच्यासंग."

दौलतरावांनी हात सोडवून घेतला आणि त्याच्या मुस्काटात मारली. आवाज सगळ्या मैदानानं ऐकला. दोन पंच धावले. तेजरामनं हात वर करून त्यांना थांबवलं. मग दौलतरावांनी त्याला दुसऱ्यांदा मारलं, पण ते मारणं राहिलंच नव्हतं, हात नुसता त्याच्या छातीवर येऊन पडला आणि तिथेच राहिला. शर्ट मुठीत धरून ते उभे होते.

तेजराम माझ्याकडे वळला. गालावर बोटं उमटली होती. "शामसुंदरबाबू, चरोद्याले एक गुण. मरोद्याचे कोच मैदानाबाहेर."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. मला वाटलं, या वेळी तरी नको.

"लिहा," तो म्हणाला.

मी लिहिलं. त्यानं गळ्यातली शिट्टी काढून दुसऱ्या पंचाच्या हातात दिली, दौलतरावांच्या कमरेत हात घातला आणि त्यांना स्वतःच चालवत बाहेर घेऊन गेला. लोक दोन्हीकडे सरून वाट देत होते. कोणीतरी दौलतरावांची टोपी उचलून दिली.

सामना पुढे झाला. मरोदा हरला. त्या एका गुणानं हरला नव्हता, पण लोक वर्षानुवर्षं म्हणत राहिले की चकोलेनं पोरगं मेलेल्या बापाला बाहेर काढून सामना घालवला. मी सामान आवरून गेलो तेव्हा दोघं पाण्याच्या टाकीमागे भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. दौलतराव रडत होते. इतक्या महिन्यांचं साठलेलं, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखं. मधेच श्वास अडकायचा, मग पुन्हा सुरू. तेजराम त्यांची पाठ चोळत होता. मला पाहून त्यानं नुसती मान हलवली. मी निघून आलो.

दुसऱ्या दिवशी ड्युटी सुटल्यावर तो गभण्यांकडे गेला. कलावतीबाईंनी दार उघडलं, पाणी दिलं. दौलतराव आत झोपले होते. आदल्या संध्याकाळपासून झोपूनच होते म्हणे. हे सगळं तेजरामनं मला नंतर सांगितलं, आणि सांगताना तो कोक ओव्हनच्या कँटीनमध्ये समोरच्या ताटाला हातही लावत नव्हता.

कलावतीबाई चुलीजवळ बसून म्हणाल्या, "भाऊजी, तुमी खरं तेच बोलले. कोनीतरी बोलाच लागत होतं. मी बोलू शकत नव्हती. मी देवाचं नाव काहाडलं का ते उठून चालले जात."

"हो वैनी."

"पन एक विचारते. ते घरी येऊन कावून नाही सांगतलं तुमी? इतके दिवस झाले. एकडाव तरी घरी आले असते, त्याईच्याजवळ बसले असते. चार लोकाईच्या पुढं कावून, भाऊजी? पोरं पाहून राहिले होते त्याईचे."

हे सांगून तेजराम मला म्हणाला, "शामसुंदरबाबू, मी ग्राउंडात भेटत होतो ना त्याईले. दर रविवारी भेटत होतो. मले वाटे, भेटून तर राहिलो." मग म्हणाला, "घरी जाची हिंमत नव्हती, असंही नाही. सुचलंच नाही."

मी त्याला तो गुणाचा प्रश्न विचारला. तो नसता दिला तर चाललं नसतं का? कोणी हरकत घेतली नसती. चरोद्याच्या कोचनंही नाही.

"तुमाले असं वाटते," तो म्हणाला. "पन गुण नसता दिला तर त्याचा मतलब काय झाला? का हा मानूस पागल आहे, याले काय नियम लावता. पोरं उभे होते तिथं. मी त्याईले कोच म्हणून बाहेर काढलं. पागल म्हणून नाही काढलं." तो उठला, ताट तसंच घेऊन गेला.

भय्याजींनी बंदीचा कागद काढला नाही. त्याची गरजच पडली नाही. दौलतराव पुन्हा मैदानाकडे फिरकले नाहीत. कामावर जायचे, घरी यायचे, अंगणात खाट टाकून बसायचे. तेजराम दर रविवारी सकाळी जाऊन त्यांच्याशेजारी बसू लागला. दौलतराव त्याच्याशी बोलत नसत. हा इकडचं तिकडचं बोलायचा, नाहीतर दोघं गप्प. कलावतीबाई चहा आणून ठेवायच्या. कधी कधी दौलतराव तो उठायच्या आत उठून आत निघून जायचे. तरी हा पुढच्या रविवारी हजर. त्याची बायको शेवंता एकदा वैतागून म्हणाली, "ते बोलत नाही, तर कायले जाता?" तो म्हणाला, "पहिले नव्हतो गेलो ना."

पुढच्या वर्षी दौलतरावांनी मुदतीआधी नोकरी सोडली आणि गावी जायचं ठरवलं. सामान ट्रकनं गेलं. नवराबायको दुर्गहून नागपूरच्या बसनं निघाले. तेजराम आणि मी स्टँडवर गेलो होतो. कलावतीबाई बसमध्ये जाऊन बसल्या. दौलतराव खाली उभे होते, हातात पिशवी. कंडक्टरनं घंटी दिली तेव्हा ते इतक्या महिन्यांनी तेजरामशी पहिलं वाक्य बोलले.

"मी तुले माफ नाही केलं," ते म्हणाले. "पन येत जाय."

आणि बसमध्ये चढले.

तेजराम रेफ्रीचं काम करत राहिला. पूर्वीसारखाच कोचच्या बाजूला उभा राहायचा. फक्त "तुमाले काय दिसलं?" च्या आधी आता तो विचारायचा, "घरी सगळं बरं आहे ना?" रागावलेला माणूस चक्रावून जायचा. काही चिडायचे, "घर से क्या लेना-देना, फाउल बता!" तरुण रेफ्री त्याची नक्कल करून हसत. एकमेकांना भेटले की म्हणत, घरी सगळं बरं आहे ना? त्यानं ते सोडलं नाही. एकदा बाहेरगावच्या एका कोचनं या प्रश्नावर खाली मान घातली आणि सामना संपल्यावर तेजरामजवळ बराच वेळ बोलत बसला होता, एवढं मी पाहिलं आहे. काय बोलले ते मला माहीत नाही.

साकोलीला जायचं मात्र लांबत गेलं. आधी त्याच्या मुलीचं, ताराचं लग्न निघालं. मग पाय मोडला. मग शिफ्टा जुळेनात. अखेर एका उन्हाळ्यात, आंब्याच्या दिवसांत, तो एकटाच गेला.

दौलतराव खूप वाळले होते. त्यांनी त्याला ओळखलं, "ये," म्हणाले, बाजेवर जागा करून दिली. कलावतीबाईंनी आंब्याचा रस केला, कुरडया तळल्या. दिवसभर बोलणं झालं ते बोडीतल्या, म्हणजे गावच्या तळ्यातल्या पाण्याचं, धानाचं, गावातल्या नव्या शाळेचं. कबड्डीचा शब्द नाही. बस मोठ्या रस्त्यावरून जाते आणि गाव तिथून आत आहे, तेव्हा ऊन उतरल्यावर तेजराम निघाला. दौलतराव काठी घेऊन अंगणाच्या तोंडापर्यंत आले. त्यापुढे त्यांना चालवत नव्हतं.

"पायीच जाजो सावकाश," ते म्हणाले. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "देवा असता तर गाडीवर सोडून आला असता तुले."

तेजराम "हो भाऊ" म्हणाला आणि वळला. शेतांच्या बांधावरून, धुऱ्याधुऱ्यानं चालत रस्त्यापर्यंत आला. बसला वेळ होता. तिथे पानठेल्याचा बाक होता, त्यावर बसून तो रडला. पानठेलेवाल्यानं विचारलं, कोणाच्या घरचे जी, काही वाईट झालं काय? तो म्हणाला, "नाही, बरे आहेत सगळे." मग पाणी मागून तोंड धुतलं आणि बस आली तेव्हा चढला.

त्याच पावसाळ्यात दौलतराव गेले. तार उशिरा मिळाली. तेजराम पोचला तोवर राख सावडून झाली होती.